साउथ कॅरोलायनाच्या मुलींच्या बास्केटबॉलचं सीझन तिकीट: घ्या, पण बेंचसाठी घ्या

शार्लट, कोलंबिया, ग्रीनव्हिल या पट्ट्यातल्या आपल्या लोकांचं हिवाळ्यात एकच रडगाणं असतं, पाच वाजता अंधार, पोरं स्क्रीनला चिकटलेली, वीकेंडला जायचं कुठे. त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायनाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचं, म्हणजे गेमकॉक्सचं, सीझन तिकीट आम्ही २०२३ च्या सीझनपासून घेतोय. रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच, आणि तो पार्किंगमुळे कापलेला नाही हे आधीच सांगते.

बहुतेक लोक असलं तिकीट स्टार खेळाडू बघायला घेतात. माझं म्हणणं असं की या टीमच्या बाबतीत स्टार बघायला टीव्ही पुरतो. तिकीट काढून समोर जाऊन बसण्यात जी मजा आहे ती बेंचवरच्या, म्हणजे राखीव बसलेल्या, पोरींची आहे, त्यातही नव्या आलेल्यांची. नोव्हेंबरात कुणाला सहा मिनिटं मिळतात, जानेवारीत बारा, आणि मार्चमध्ये मॅच अडकलेली असताना कोच मागे वळून नेमकं कुणाकडे बघते, हे तुम्ही आठवड्यामागून आठवडा बघत गेलात की वर्ल्ड कपच्या टीम सिलेक्शनसारखं घरात जेवताना भांडायला विषय मिळतो. आमच्याकडे तरी मिळाला.

थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय मजा कळणार नाही. २०२२-२३ च्या सीझनला ही टीम ३६ मॅच सलग जिंकून नॅशनल चॅम्पियनशिपच्या डॅलसमधल्या सेमीफायनलला गेली आणि तिथे केटलिन क्लार्कच्या आयोवा युनिव्हर्सिटीनं ७७-७३ नं घरी पाठवलं. त्या मॅचमध्ये क्लार्कनं रेवन जॉन्सनला बाहेर मोकळं सोडलं होतं, हातानं झटकून, की जा मार तुला काय मारायचंय ते, आणि ती क्लिप सगळीकडे फिरली होती. त्यानंतर आलिया बॉस्टन, झिया कुक, ब्रिया बील, किएरा फ्लेचर, सॅक्सटन, सुरुवातीच्या पाचच्या पाच जणी गेल्या. म्हणजे घर रिकामं. त्यामुळे सगळे म्हणत होते की हे वर्ष बांधणीचं, आणि आम्ही तेव्हाच तिकीट काढलं कारण नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण त्याची दोन तिकिटं सोडत होता आणि वरती अजून दोन सहज मिळत होती. त्या बांधणीच्या वर्षाचा निकाल ३८-०. एकही मॅच हरल्या नाहीत.

हे झालं कसं, तर बेंचवरून. हिशोब सोपा आहे. कॉलेजच्या मुलींची मॅच दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, एका वेळी पाच जणी कोर्टवर, म्हणजे एका मॅचला वाटायला एकूण २०० मिनिटं. साध्या टीममध्ये सहा-सात जणी ती खाऊन टाकतात. इथे कोच डॉन स्टेली नऊ-दहा जणींत वाटते. सुरुवातीला साधारण रेवन जॉन्सन, पाओपाओ, ब्री हॉल, क्लोई किट्स आणि कॅमिला कार्दोसो, मग बेंचवरून फुलविली, टेसा जॉन्सन, अ‍ॅशलिन वॉटकिन्स, सानिया फेगन. या दुसऱ्या चौघी बऱ्याच कॉलेजांत डोळे झाकून पहिल्या पाचात बसतील अशा. त्यामुळे नव्या पोरीला दोन मिनिटं जास्त मिळाली तर ती कुणाच्या तरी ताटातली गेली, आणि जिच्या ताटातली गेली ती पण शाळेत असताना तिच्या राज्यातली नंबर एक-दोनच होती. इथे जागा रिकामी नसते, कुणालातरी हलवून बसावं लागतं. आणि हलवताना भांडायचं नाही, कारण उद्या प्रॅक्टिसला तीच समोर उभी असणार.

आमच्या सासूबाई त्या वर्षी नोव्हेंबरात सांगलीहून आल्या होत्या. त्या शाळेत असताना खो-खो खेळलेल्या, जिल्ह्यापर्यंत. बास्केटबॉलमधलं शून्य माहिती. मेरीलँडच्या मॅचला पहिल्यांदा नेलं, थंडी म्हणून दोन स्वेटर आणि कानटोपी घालून आल्या, आणि पहिल्या क्वार्टरमध्येच स्टेलीनं एकदम तीन जणी बदलल्या तर मला म्हणाल्या, "ही दुसरी तुकडी का गं?" बस. खो-खोमध्ये पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकड्यांनी उतरतात तसंच त्यांनी ते लावलं आणि मला नंतर काहीच समजवावं लागलं नाही. उलट पहिली तुकडी दमवते, दुसरी मारते, हे त्याच आम्हाला सांगायला लागल्या. मॅच ११४-७६ अशी सुटली, मेरीलँड काही लिंबूटिंबू टीम नाही, तरी.

आता मुख्य माल. त्या वर्षी दोन नव्या फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या, पोरी होत्या आणि दोघींची स्टाइल इतकी उलटी की तिकिटाचे पैसे या दोघींमधला फरक बघण्यातच वसूल झाले.

पहिली मिलेशिया फुलविली. कोलंबियाचीच, डब्ल्यू जे कीनन हायस्कूलची, म्हणजे अरिनापासून गाडीनं काही मिनिटांवरची पोरगी. तिची कॉलेजची पहिलीच मॅच ६ नोव्हेंबर २०२३ ला पॅरिसमध्ये नोटर डेमशी झाली, हो फ्रान्समधलं पॅरिस. तिथे तिनं एका टोकाकडून बॉल घेतला, मधे पळता पळता पाठीमागून हात फिरवून बॉल बदलला आणि उलट्या बाजूनं लेअप टाकला. एनबीएचा जुना स्टार मॅजिक जॉन्सननं त्याबद्दल पोस्ट टाकली. अठरा वर्षांची पोरगी, पहिली मॅच. मार्चपर्यंत एनबीएच्या स्टेफ करीच्या ब्रँडनं तिला साइन केलं होतं, कॉलेजच्या खेळाडूंमधली पहिलीच. साहजिक आहे की कोलंबियात सगळ्यांना वाटलं ही आता पहिल्या पाचात. नाही. स्टेलीनं तिला बेंचवरच ठेवलं.

यावरून अरिनात आमच्या मागच्या रांगेतले दोन काका, अमेरिकन, रिटायर्ड, दर मॅचला आपापसात वाद घालायचे. एकाचं म्हणणं पोरीला बसवून कसं ठेवता, दुसऱ्याचं म्हणणं डिफेन्स बघ आधी. मी दुसऱ्या काकांच्या बाजूची. टीव्हीवर तुम्हाला कॅमेरा जिथे बॉल तिथे दाखवतो, त्यामुळे फुलविलीची जादू दिसते आणि बॉल नसताना ती काय करते ते दिसत नाही. वरच्या सीटवरून दिसतं. तिचं लक्ष बॉलवर, आणि जिला धरायचं ती पोरगी पाठीमागून कट मारून रिंगखाली. असं दोनदा झालं की स्टेली बेंचवर कुणाच्यातरी गुडघ्याला हात लावायची, ती उठून वॉर्म-अपचा टी-शर्ट काढत स्कोरर टेबलापाशी जाऊन बसायची, आणि पुढच्या शिट्टीला फुलविली बाहेर. बाहेर आली की शेजारी असिस्टंट कोच, बोट कोर्टकडे, दोन वाक्यं. ओरडाआरडा फारसा नाही. पोरगी मान हलवते. चार मिनिटांनी परत आत. असं वर्षभर. आणि याच हिशोबात तिनं मॅचला सरासरी १८-१९ मिनिटं खेळून ११.७ पॉइंट केले, जे मिनिटांच्या मानानं बघितलं तर अफाट आहे.

पण पहिल्या काकांचंही पूर्ण चूक नव्हतं. टीम अडकली, कुणालाच बॉल आत नेता येत नाहीये, अशा वेळी ही पोरगी आली की समोरच्या टीमची अख्खी रचना मोडायची, आणि अशा वेळेलाही कधीकधी ती दोन मिनिटं जास्तच बसलेली असायची. मला वाटतं स्टेलीला शिकवण्याचा मोह जिंकण्यापेक्षा किंचित जास्त आहे, आणि टीम इतकी भरलेली असल्यामुळे तो तिला परवडतो. आठ खेळाडूंची टीम असती तर परवडला नसता.

दुसरी टेसा जॉन्सन. मिनेसोटाच्या अल्बर्टव्हिलची. हिची क्लिप कुठेच नाही. सुरुवातीला मला नाव पण लक्षात राहायचं नाही, त्यात आधीच टीममध्ये एक जॉन्सन. ती यायची, कोपऱ्यात उभी राहायची, तिला धरणारी पोरगी जरा आत सरकली की दोन पावलं मागे, पाय आधीच रिंगकडे, हात तयार, पास आला की थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट. पास नाही आला तर दुसऱ्या कोपऱ्यात. बॉल हातात ठेवायचा हट्ट नाही. टर्नओव्हर, म्हणजे बॉल समोरच्यांना घालवणं, नाही. डिफेन्समध्ये आपली पोरगी सोडायची नाही. आमच्या लेकीला, ती शाळेच्या टीममध्ये खेळते आणि बहुतेक वेळ बसते, टेसा आवडायला लागली. "मम्मा, शी डझन्ट डू एनीथिंग राँग," असं तिचं म्हणणं. सासूबाईंना अर्थातच फुलविली. त्या तिला "ती आपली गावातली" म्हणायच्या.

तर नव्या पोरींना मिनिटं कशी वाढवून मिळतात हे ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी सीट अशी घ्या की टीमचा बेंच समोर दिसेल, म्हणजे बेंचच्या विरुद्ध बाजूला, आणि खालीच पाहिजे असा हट्ट करू नका. वरच्या मजल्यावरच्या सीट स्वस्त आहेत आणि तिथून पाची जणींची हालचाल एका नजरेत दिसते. खालून फक्त उंची दिसते. कार्दोसो ६ फूट ७ इंच, तिला बघून आमच्या सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चौथा क्वार्टर सोडू नका. आपल्याकडच्या लोकांना ही खोड आहे, तीस पॉइंटचा लीड झाला की चला ट्रॅफिकच्या आधी निघू. त्या वर्षी क्लेमसनला १०९-४० नं हरवलं. क्लेमसन म्हणजे राज्यातला पिढीजात शत्रू, तरी हाफटाइमनंतर लोक पार्किंगकडे. अहो पण मॅच संपलेली असते ती स्कोरबोर्डावर. बेंचच्या शेवटच्या टोकाला बसणाऱ्या पोरींची परीक्षा तेव्हा सुरू होते. पन्नासचा लीड असताना जी पोरगी लूज बॉलसाठी जमिनीवर पडते तिचं नाव लिहून ठेवा, ती जानेवारीत आधी आत येणार. आणि जी लीड आहे म्हणून लांबून फालतू थ्री मारते ती कोचलाही दिसते. पुन्हा एक गोष्ट, या वेळात पहिल्या पाच जणी काय करतात तेही बघा. टॉवेल गळ्यात घालून उभ्या राहून ओरडत असतात. मिनिटं वाटून घेतलेल्या टीममध्ये हे नसेल तर चार महिन्यांत खुन्नस सुरू होईल. इथे ते नाटक वाटलं नाही मला.

यातली कार्दोसोची गोष्ट तर नव्यांना दाखवून द्यावी अशी आहे. ब्राझिलची, सिरॅक्यूज सोडून २०२१ ला इथे आली, आणि आली तर समोर आलिया बॉस्टन. दोन वर्षं बॉस्टनच्या मागे. त्यातल्या दुसऱ्या वर्षी कॉन्फरन्सची, म्हणजे या कॉलेजांच्या लीगची, बेस्ट सिक्स्थ वुमन म्हणून बक्षीस मिळालं, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांतली पहिली. तिसऱ्या वर्षी टीम तिची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ब्राझिलच्या टीमकडून खेळायला गेली होती आणि मध्येच यूकॉनची, म्हणजे कनेटिकट युनिव्हर्सिटीची, मॅच आली. मोठी मॅच, टीव्हीवर गाजावाजा. उंच पोरगीच नाही. वॉटकिन्स, फेगन, किट्स यांनी आतलं सगळं सांभाळलं आणि ८३-६५. तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली की हे वर्ष काही साधंसुधं नाही.

आता सर्व्हिसबद्दल थोडं, रिव्ह्यू आहे म्हणून. शार्लटहून आय-७७ नं दीड तास, संध्याकाळची मॅच असेल तर येताना उशीर होतो, वीकडेला पोरांची शाळा असेल तर विचार करा. अरिना मोठी आहे, १८ हजारांची, आणि मुलींच्या मॅचला ती भरते, हे बघायलाच एकदा जावं. बाहेर इथेच खेळून मोठी झालेल्या एजा विल्सनचा पुतळा आहे, तिथे सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. पर्स चालत नाही, पारदर्शक बॅग लागते, सासूबाईंची डब्याची पिशवी गाडीतच राहिली आणि त्या बरंच काही बोलल्या. तिकीट फोनवर. आत शाकाहारी माणसाचं पॉपकॉर्न, प्रेट्झेल, नाचोजवर भागतं, गाडीत थेपले ठेवा. आजूबाजूला खासगी पार्किंगवाले असतात त्यातल्या एकानं आमच्याकडून बोर्डावर लिहिलेल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, तर आधी रेट विचारून मगच गाडी आत घाला. रिसेलच्या एका अ‍ॅपवर जादा तिकीट घेताना शेवटच्या स्क्रीनवर फी बघून डोळे पांढरे होतात, शक्यतो ओळखीच्यांकडून घ्या. वर्णद्वेष वगैरे काही अनुभव नाही, उलट शेजारच्या आज्जी सासूबाईंना दर वेळी मिठी मारायच्या. स्टेली फॅन्सना फॅम म्हणते, फॅमिली या अर्थानं, ते मला आधी मार्केटिंग वाटलं होतं.

एक लक्षात घ्या, सीझन तिकिटात मार्चच्या टूर्नामेंटचं काही येत नाही. कॉन्फरन्सची टूर्नामेंट ग्रीनव्हिलला असते ती वेगळी, एनसीएएच्या, म्हणजे देशभरच्या कॉलेजांच्या टूर्नामेंटच्या, पहिल्या दोन राउंड घरच्या कोर्टवर झाल्या तरी तिकीट वेगळं. आणि खरी मजा तर तिथेच. १० मार्च २०२४ ला ग्रीनव्हिलला एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट, विरुद्ध फायनल, शेवटी मारामारी झाली, कार्दोसोनं एकीला ढकललं आणि स्वतःच बाहेर गेली, ते सगळं लोकांना आठवतं. मला आठवतं ते हे की बेंचवरून आलेल्या फ्रेशमन फुलविलीनं २४ पॉइंट मारले आणि टूर्नामेंटची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. ७९-७२. चार महिने ऐकून घेतलेल्या बोलण्याचं व्याज.

मग टेसाची पाळी. ओरेगन स्टेटची मॅच, जिंकलं तर फायनल फोर, म्हणजे देशातल्या शेवटच्या चारांत, आणि टीमकडून सगळ्यात जास्त पॉइंट कुणाचे, तर टेसाचे, १५, बेंचवरून. लेक घरात नाचत होती. सेमीफायनलला वॉटकिन्सनं २० रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे बॉल, घेतले, वीस, आणि तीही बेंचवाल्यांतलीच. ७ एप्रिलला क्लीव्हलँडमध्ये फायनल, पुन्हा आयोवा, पुन्हा क्लार्क. रविवार दुपारी तीनला एबीसीवर. आमच्याकडे मंडळातली तीन कुटुंबं आली होती, मिसळ केली होती, आणि मिसळ गार होईपर्यंत कुणी उठलं नाही कारण आयोवानं सुरुवातच १०-० नं केली. पहिल्या क्वार्टरमध्ये क्लार्कचे एकटीचे १८, स्कोर २७-२०. मी म्हटलं गेलं. सासूबाई मात्र शांत, "दुसरी तुकडी येऊ दे."

आली. फुलविली, टेसा, वॉटकिन्स, फेगन. हाफटाइमला ४९-४६ अशी साउथ कॅरोलायना पुढे. क्लार्कला रेवन जॉन्सननं धरलं, तीच रेवन जिला वर्षापूर्वी हातानं झटकलं होतं, आणि पहिल्या क्वार्टरच्या १८ नंतर उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून क्लार्कचे १२. टेसाचे १९ पॉइंट. फ्रेशमन, नॅशनल फायनल, १९, आणि त्यात एक पण शॉट बळंच मारलेला नाही, तोच कोपरा, तीच दोन पावलं मागे. ८७-७५. कार्दोसोचे १५ पॉइंट, १७ रिबाउंड, आणि फायनल फोरची सर्वोत्तम खेळाडू ती.

पण ज्या आकड्यावरून माझा हा सगळा रिव्ह्यू उभा आहे तो वेगळाच. साउथ कॅरोलायनाच्या बेंचचे पॉइंट ३७. आयोवाच्या बेंचचे शून्य. म्हणजे आयोवाचे ७५ च्या ७५ त्या सुरुवातीच्या पाच जणींनीच मारले, त्या दमल्या तर मागे कुणी नाही. नोव्हेंबरच्या त्या ५०-६० पॉइंटनी जिंकलेल्या कंटाळवाण्या मॅचमध्ये ज्या पोरींना कोच आत-बाहेर करत होती त्याचा हा हिशोब होता. आम्ही ती मिनिटं समोर बसून बघितलेली, त्यामुळे टेसानं मारल्यावर घरातल्या पाहुण्यांना आश्चर्य वाटलं आणि आमची लेक म्हणे "ऑफ कोर्स".

यात टे-हिना पाओपाओला विसरून चालणार नाही, तीही त्या वर्षी नवीनच, फक्त फ्रेशमन नाही, ओरेगनहून ट्रान्सफर. तिथे तिच्या हातात बॉल जास्त असायचा, इथे कमी, आणि तिनं ते मुकाट्यानं घेऊन थ्रीमध्ये ४६.८ टक्के मारले, देशात पहिली. नव्यांची ही तिसरी जात, जी आधी मोठी असते आणि इथे येऊन लहान व्हायला तयार होते. मला सगळ्यात अवघड काम हेच वाटतं. पोरींचं सोडा, आपल्याला ऑफिसात जमतं का.

दुसऱ्या वर्षी, २०२४-२५ ला, जॉइस एडवर्ड्स आली, जवळच्या कॅम्डेनची. तीही फ्रेशमन, तीही बहुतेक सगळ्या मॅचला बेंचवरून, आणि तरीही सरासरी पॉइंटमध्ये टीममध्ये पहिली. विचार करा, टीमची टॉप स्कोरर बेंचवरून येते. जानेवारीत वॉटकिन्सचा गुडघा गेला आणि आतली जागा अजूनच एडवर्ड्स आणि फेगनवर आली. शेवट मात्र टॅम्पामध्ये यूकॉनकडून ८२-५९, चांगलाच मार बसला. त्या दिवशी बेंचची ताकद वगैरे काही कामाला आलं नाही, कारण मोठ्या मॅचमध्ये एक अशी पोरगी लागते जी काहीही झालं तरी बॉल रिंगमध्ये टाकेल, आणि दहा जणींत वाटून घेतलं की ती एकजण तयार होतेच असं नाही. हा या पद्धतीचा तोटा, आणि तो स्टेलीच्या भक्तांनी मान्य करावा.

आणि आता तो अर्धा स्टार. टॅम्पा झालं आणि थोड्याच दिवसांत फुलविली ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत. गेली कुठे, तर एलएसयूला. गावातली पोरगी, दोन वर्षं डोळ्यासमोर वाढलेली, आणि त्याच टीमकडे जिच्याविरुद्ध ग्रीनव्हिलला २४ मारले होते. तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं बेंचवरून येऊन जास्त मिनिटं हवीशी वाटली तर आता नियमानं जाता येतं, वर्ष फुकट जात नाही, आणि विशी ओलांडायच्या आत स्वतःचं बघायला नको का. पण तिकीट घेणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर या प्रॉडक्टला वॉरंटी नाही. तुम्ही जीव लावता, मिनिटं मोजता, आणि नेमकं पीक काढायच्या वेळी ती दुसऱ्या जर्सीत. सासूबाईंना सांगलीला फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं मग त्यांनी तिला खेळवायचं होतं ना." मागच्या रांगेतले पहिले काका त्यांच्याशी सहमत झाले असते. टेसा राहिली, हे लेकीच्या वतीनं नोंदवते. लेकीनं आता टेसाचं पोस्टर पण लावलंय.

पोर्टल उलटही चालतं म्हणा. २०२५ ला फ्लोरिडा स्टेटहून टानिया लॅट्सन आली, आदल्या सीझनला अख्ख्या देशात सरासरी सगळ्यात जास्त पॉइंट मारणारी, मॅचला २५.२. तिलाही इथे बॉल वाटून खायला लागणार हे ठरलेलं, तरी आली. पाओपाओवाली जात.

कुणी घेऊ नये ते सांगते. ज्यांना दर मॅच शेवटच्या सेकंदाला सुटायला हवी त्यांनी नका घेऊ, डिसेंबरमधल्या निम्म्या मॅच पहिल्या दहा मिनिटांत संपतात. एनबीएसारखे डंक बघायचे असतील तर शार्लटमध्येच हॉर्नेट्स आहेत. ज्यांची पोरं पाच वर्षांच्या आतली आहेत त्यांनी पण थांबा, आवाज फार असतो. ज्यांची पोरगी कुठल्याही टीममध्ये बेंचवर बसते त्यांनी मात्र नक्की न्या, आणि मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी न्या, वॉर्म-अपला कोण कुणाबरोबर शूट करतंय ते बघायला मिळतं, गर्दी नसते, आणि पार्किंगही स्वस्त पडतं.

पूर्ण सीझन जमत नसेल तर दोनच मॅच घ्या, एक नोव्हेंबरातली कुठलीही सोपी आणि एक फेब्रुवारीतली कॉन्फरन्सची अवघड. दोन्हीकडे एकाच फ्रेशमनवर नजर ठेवा. कुठली ते मी सांगणार नाही, त्यावरून आमच्याकडे आधीच दोन पार्ट्या पडल्यात.